घोळाची भाजी आणि पश्चिम रेल्वे : अर्जेंटिनाच्या सेकंड डिव्हिजनमधल्या क्लबचा इतिहास घरबसल्या कसा जुळवायचा

मेस्सीच्या वर्ल्डकपनंतर आपल्याकडे गल्लोगल्ली आकाशी-पांढऱ्या जर्सी दिसायला लागल्या, बोका आणि रिव्हर या क्लबांची नावंही पोरांना पाठ आहेत, पण अर्जेंटिनातल्या सेकंड डिव्हिजनमधल्या एखाद्या क्लबचा शंभर वर्षांचा इतिहास नीट लावायला बसा, दोन तासांत डोकं फिरतं. माझं फिरलं होतं. एक अख्खी वही फुकट गेली, ती का गेली ते पुढे सांगतोच. तर हे सगळं ज्यांना असला उद्योग करायचाय त्यांच्यासाठी, आणि उदाहरण म्हणून एकच क्लब धरतोय, ब्युनोस आयर्सच्या काबाशितो भागातला फेरो कारिल ओएस्ते. लोक नुसतं फेरो म्हणतात. टोपणनाव वेर्दोलागा, आणि वेर्दोलागा म्हणजे काय तर घोळ, आपण ताक घालून करतो ती घोळाची भाजी, तीच (जर्सी हिरवी म्हणून). आता ज्याचं नावच घोळ त्याच्या इतिहासात घोळ असणारच.

सुरुवात ट्रॉफ्यांपासून करू नका. सगळे तिथूनच सुरू करतात आणि छोट्या क्लबच्या बाबतीत दहा मिनिटांत यादी संपते, मग पुढे काय. आधी नाव उघडून बघा. फेरो कारिल म्हणजे लोहमार्ग, ओएस्ते म्हणजे पश्चिम, म्हणजे क्लबचं नाव शब्दशः पश्चिम रेल्वे! रोज विरार लोकलला लटकणाऱ्या माणसाला यापेक्षा जवळचा क्लब कुठे मिळणार. २८ जुलै १९०४ ला ब्युनोस आयर्सच्या पश्चिम रेल्वेच्या ९५ कर्मचाऱ्यांनी हा क्लब काढला, रेल्वे तेव्हा ब्रिटिश कंपनीच्या हातात होती, आणि २ जानेवारी १९०५ ला रुळांना लागूनच ग्राउंड सुरू झालं. ते ग्राउंड आजही तिथेच आहे, क्लब आजही तिथेच खेळतो. म्हणून कुठलाही क्लब घेतला की पहिले तीन प्रश्न हे विचारा: काढणाऱ्यांना पगार कोण देत होतं, जागा कोणाची होती, आणि ती जागा नंतर राहिली का गेली. या तीन उत्तरांत अर्धा इतिहास येतो, खोटं वाटेल पण येतो.

नावावरून सर्च करताना एक सांभाळा. फेरो कारिल ओएस्ते एकच नाही. ला पाम्पा प्रांतात हेनेराल पिको नावाच्या गावात याच नावाचा दुसरा क्लब आहे, रेल्वे जिथे जिथे गेली तिथे तिथे क्लब निघाले ना. रोसारियो सेन्ट्रल पण रेल्वेवाल्यांचाच, १८८९ चा. त्यामुळे सर्चमध्ये नुसतं फेरो टाकू नका, सोबत काबाशितो टाका. आणि फेरो आणि १९८२ असं टाकलंत तर फुटबॉलच्या मधेच चार्ली गार्सियाची कॉन्सर्ट येईल, कारण डिसेंबर १९८२ मध्ये त्याने याच ग्राउंडवर कॉन्सर्ट केली होती आणि अर्जेंटिनातल्या रॉकवाल्यांना फेरो म्हटलं की तेच आधी आठवतं. मी त्या दिवशी फुटबॉल सोडून दोन तास गाणीच ऐकली, असो.

मग मॅप उघडा. हे खरंच करा, टाळू नका. ही पश्चिम रेल्वे १९४८ ला सरकारने ताब्यात घेतली आणि लाईनला सार्मिएन्तो नाव मिळालं. ओन्से स्टेशनपासून बोट फिरवत पश्चिमेला जा: काबाशितो, तिथे फेरो. पुढे फ्लोरेस, मग फ्लोरेस्ता, तिथे ऑल बॉइज. अजून पुढे लिनिएर्स, तिथे वेलेस सार्सफिल्ड. फेरोचं जुनं वैर वेलेसशी, त्याला पश्चिमेचा क्लासिको म्हणतात, आणि वेलेसची कथाही स्टेशनवरच सुरू होते, १ जानेवारी १९१० ला पाऊस आला म्हणून पोरं स्टेशनात आडोशाला थांबली आणि तिथेच क्लब काढायचं ठरलं, स्टेशनचं तेव्हाचं नाव वेलेस सार्सफिल्ड, म्हणून क्लबचं तेच. म्हणजे एका लोकल लाईनवर सगळं भांडण. नुसतं वाचून हे कळत नाही, मॅपवर दोन मिनिटांत कळतं.

काबाशितो या नावाचा अर्थ घोडुलं. एकोणिसाव्या शतकात तिथल्या एका गुत्त्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा घोडा बसवला होता, त्यावरून वस्तीला नाव पडलं.

दंतकथा आली की काय करायचं ते पण इथेच सांगतो, कारण या रेल्वेची एक दंतकथा थेट आपल्यापर्यंत येते. पश्चिम रेल्वे ही अर्जेंटिनाची पहिली रेल्वे, ऑगस्ट १८५७, आपली बोरीबंदर-ठाणे धावल्यावर चार वर्षांनी. तिच्या पहिल्या इंजिनाचं नाव ला पोर्तेन्या, इंग्लंडमध्ये लीड्सला बनलेलं. आणि गोष्ट अशी सांगतात की हे इंजिन मुळात भारतासाठी बनवलं होतं, मग क्रिमियाच्या युद्धात वापरलं, युद्ध संपल्यावर स्वस्तात अर्जेंटिनाला विकलं, म्हणून तिथे रुळांची रुंदी भारतासारखी. मी हे वाचलं तेव्हा खुर्चीतून उठलोच, म्हटलं मराठी वाचकाला द्यायला याहून भारी काय! पण थांबा. रुंदी खरंच सारखी आहे, साडेपाच फूट, १६७६ मिलिमीटर, आपल्या ब्रॉडगेजइतकीच. पण क्रिमियात ब्रिटिशांनी टाकलेली लाईन स्टँडर्ड गेज होती, म्हणजे अरुंद, त्यावर हे इंजिन धावणारच नाही. गोष्ट तिथेच मोडली. रीत ही अशी, दंतकथेतली एक मोजता येणारी गोष्ट पकडायची, रुंदी, तारीख, अंतर काहीही, आणि तेवढीच तपासायची. आणि मोडली म्हणून फेकून नका देऊ, लिहा, फक्त लोक असं सांगतात म्हणून लिहा.

आता वहीचं काम

हा सगळ्यात महत्त्वाचा आणि कंटाळवाणा भाग. एक्सेल घ्या नाहीतर दोनशेपानी वही, रकाने पाच: वर्ष, स्पर्धेचं तिथलं नाव, ती कितव्या पायरीची, क्लब कितवा आला, आणि वर-खाली झाला का. आकडे आरएसएसएसएफ नावाच्या साईटवर मिळतात, १९९४ पासून हौशी लोक चालवतात, दिसायला अगदी टाइपरायटरसारखी पण टेबलं पार जुनी जुनी आहेत. स्पॅनिश विकिपीडियाचं पान इंग्रजीपेक्षा कितीतरी मोठं असतं, ते बघा, पण दोन्हीकडे जुळलं तरच वहीत शाईने लिहा, तोपर्यंत पेन्सिल.

माझी वही फुकट गेली ती तिसऱ्या रकान्यामुळे. फेरोच्या नावावर प्रिमेरा बे ची टायटलं आहेत, बे म्हणजे बी. १९४९, १९५८, १९६३, १९७०, १९७८ आणि मग २००३. मी सरळ सगळ्यांपुढे सेकंड डिव्हिजन लिहून टाकलं आणि त्यावर पुढचं सगळं रचलं. चूक. १९८६ मध्ये त्यांनी मधे एक नवीन डिव्हिजन घुसवली, नासिओनाल बे, ती झाली दुसरी पायरी आणि जुनी प्रिमेरा बे सरकली तिसरीवर. म्हणजे १९७८ चं टायटल दुसऱ्या पायरीचं, २००३ चं तिसऱ्या पायरीचं, नाव मात्र तेच! आता त्या नासिओनाल बे ला प्रिमेरा नासिओनाल म्हणतात आणि प्रिमेरा म्हणजे पहिली, त्यामुळे नवखा माणूस तिला पहिलीच समजतो. पहिली आहे ती नुसती प्रिमेरा. दुसरी ती प्रिमेरा नासिओनाल. तिसरीला दोन दारं, राजधानीच्या आसपासच्या क्लबांसाठी प्रिमेरा बे आणि बाकी देशासाठी फेडेराल आ. एवढं एका चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवा, माझ्या अजून चिकटलेली आहे.

अजून दोन खड्डे. १९६७ ते १९८५ पर्यंत तिथे एका वर्षात दोन चॅम्पियन, एक मेत्रोपोलितानो आणि एक नासिओनाल, त्यामुळे १९८२ चा चॅम्पियन कोण या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही बरोबर, नासिओनाल फेरोने जिंकली आणि मेत्रोपोलितानो एस्तुदियान्तेसने. दुसरं म्हणजे तिथे जिंकल्यावर दोनच पॉइंट मिळायचे, कायमचे तीन झाले ते १९९५ पासून, तेव्हा फेरोचे १९८१ चे ४९ पॉइंट बघून आजच्या टेबलशी तुलना करत बसू नका.

वही भरली की ती उलटी वाचा. हे मला फार उशिरा सुचलं. दुसऱ्या पायरीची पाच टायटलं म्हणजे काय, तर हा क्लब १९३१ मध्ये प्रोफेशनल लीग सुरू केलेल्या १८ क्लबांपैकी एक असूनही किमान पाचदा खाली पडलाय आणि पाचदा परत आलाय. ट्रॉफीच्या यादीत हे अभिमानाने लिहितात, पण ते खरं तर पडझडीचं रजिस्टर आहे. मोठ्या क्लबचा इतिहास जिंकण्यातून वाचता येतो, छोट्याचा पडण्यातून वाचायचा, माझं तरी हेच मत झालंय.

स्पॅनिश शब्द

स्पॅनिश येत नसली तरी चालतं, ट्रान्सलेटर आहे, पण तो काही शब्दांवर हमखास आपटतो. फेचा हा शब्द बघा, अर्थ तारीख, पण फुटबॉलमध्ये फेचा १९ म्हणजे लीगची एकोणिसावी फेरी. मी पहिल्यांदा सगळ्या मॅचेस १९ तारखेला कशा काय असा विचार करत बसलो होतो. असेन्सो म्हणजे चढणं, प्रमोशन, पण खालच्या सगळ्या डिव्हिजन्सना मिळूनही असेन्सोच म्हणतात, खालून वर बघणाऱ्यांचं जग. देसेन्सो म्हणजे खाली जाणं. कांचा म्हणजे ग्राउंड. इंचा म्हणजे चाहता. रेदुसिदो म्हणजे शेवटी वर जायच्या एका जागेसाठीचा प्लेऑफ. सोसियो हा शब्द मात्र नीट समजून घ्या, त्याचा अर्थ मेंबर, आणि तिथले बहुतेक क्लब कुणा शेठच्या मालकीचे नसतात तर मेंबरांच्या मालकीच्या संस्था असतात, मेंबर मत देऊन अध्यक्ष निवडतात, त्याच आवारात पोहायला जातात, पोरांना बास्केटबॉलला घालतात. आपल्याकडच्या जिमखान्याला एक प्रोफेशनल फुटबॉल टीम जोडली तर कसं होईल, साधारण तसं.

चांगल्या दिवसांचं काय करायचं

चांगले दिवस आले की नुसते स्कोअर उतरवू नका, माणूस शोधा. फेरोच्या बाबतीत तो माणूस म्हणजे कार्लोस तिमोतेओ ग्रिग्वोल, १९८० मध्ये कोच म्हणून आला. १९८१ मध्ये टीमने जवळजवळ काढलंच होतं, मेत्रोपोलितानोत बोकाच्या एका पॉइंटने मागे, आणि त्या बोकात मॅराडोना होता. त्याच वर्षी गोलकीपर बारिसिओने १०७५ मिनिटं एकही गोल खाल्ला नाही, साधारण बारा मॅचेस! मग १९८२ चं नासिओनाल एकही मॅच न हरता जिंकलं, फायनलला किल्मेस, तिकडे ०-०, काबाशितोत २-०, तारीख २७ जून. आता ही तारीख वहीत लिहून पुढे जाऊ नका, त्या आठवड्यात बाकी काय चाललं होतं ते बघा. स्पेनमध्ये वर्ल्डकप चालू होता आणि मॅराडोना तिथे, माल्विनासचं (म्हणजे फॉकलंडचं) युद्ध हरून दोन आठवडे पण झाले नव्हते. देशाचं लक्ष कुठे असणार. क्लबच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस असा भलत्याच गडबडीत येऊन गेला. तारखेच्या आजूबाजूला दोन आठवडे वाचायचे ही सवय लावून घ्या, जुने एल ग्राफिकोचे अंक स्कॅन केलेले सापडतात ते यासाठी सोनं आहेत (१९१९ ला सुरू झालेलं मासिक, आधी साप्ताहिक होतं, २०१८ ला बंद पडलं), आणि अंकात जाहिराती पण वाचा, मजा येते.

पण छोटा क्लब एवढा भारी झाला कशामुळे? याचं उत्तर फुटबॉलच्या पानावर नाहीच, शेजारच्या पानावर आहे. त्याच क्लबात बास्केटबॉलचा कोच होता लेओन नाहनुदेल, ज्याच्या धडपडीतून अर्जेंटिनाची राष्ट्रीय बास्केटबॉल लीग १९८५ मध्ये उभी राहिली, आणि पहिलं टायटल कोणी जिंकलं तर फेरोने, मग १९८६ ला परत आणि १९८९ ला परत. हे दोघं कॉफी पीत तासन् तास बोलायचे आणि ग्रिग्वोलने बास्केटबॉलचं प्रेसिंग (समोरच्यावर सतत दबाव टाकून बॉल हिसकावणं) आणि कॉर्नर-फ्रीकिकला समोरच्याची वाट अडवून आपला माणूस मोकळा करायची युक्ती फुटबॉलमध्ये आणली. म्हणून सांगतो, क्लबचे बाकीचे खेळ सोडू नका. मी ते सोडले असते तर १९८२ हा नुसता चमत्कार म्हणून लिहिला असता.

आणि एखादं दृश्य तरी जवळून बघा. माझ्यासाठी ते १९८४ चं. नासिओनालची फायनल, समोर रिव्हर, पहिली मॅच रिव्हरच्या मोनुमेंतालवर आणि फेरो ३-० ने जिंकलं. परतीची काबाशितोत. आता या ग्राउंडचं टोपणनावच लाकडी देऊळ, कारण प्रेक्षकांचे स्टँड लाकडी फळ्यांचे, उभं राहून उड्या मारल्या की सगळा स्टँड ढोलासारखा वाजतो. फेरो १-० ने पुढे गेलं, रिव्हरच्या लोकांना कळून चुकलं की गेलं हातातून, आणि त्यांनी त्या फळ्यांनाच आग लावली. मॅच पूर्ण झालीच नाही, फेरो चॅम्पियन. फोटोत धूर बघताना माझ्या डोक्यात एवढंच आलं की ऐंशी वर्षांपूर्वी रेल्वेच्या कारकुनांनी उभं केलेलं ग्राउंड आणि पाहुण्यांनी येऊन पेटवलं. त्याच वर्षी मेत्रोपोलितानोत पण फेरो दुसरे, आर्हेन्तिनोस ज्युनियर्सच्या एका पॉइंटने मागे. चार वर्षांत दोनदा एका पॉइंटने गेलं, याचं दुःख तिथले लोक अजून काढतात.

पडझड वाचायची कशी

यासाठी आधी प्रोमेदियो समजला पाहिजे, नाहीतर टेबल वाचून काहीच लागत नाही. अर्जेंटिनात १९८३ पासून खाली कोण जाणार हे त्या वर्षीच्या टेबलवर नाही तर तीन सीझनच्या सरासरीवर ठरायला लागलं. तीन सीझनचे पॉइंट भागिले तीन सीझनच्या मॅचेस. समजा एखाद्या टीमचे तीन सीझनमध्ये ११४ मॅचेसमध्ये १३० पॉइंट, तर सरासरी १.१४०. जी टीम नुकतीच वर आली तिला मागची शिदोरी नाही, तिच्या एकाच सीझनचा हिशोब, त्यामुळे तिला एक वाईट वर्षही महागात पडतं आणि मोठ्यांना एक वाईट वर्ष पचून जातं. आणि नियम आला कधी ते बघा, सान लोरेन्सोसारखा बडा क्लब १९८१ ला खाली गेल्यावर. १९८३ ला रिव्हर १९ टीममध्ये अठरावे आले आणि तरी वाचले, खाली गेलं रासिंग! बाकी तुम्ही समजून घ्या.

फेरोचं उलटं झालं. ग्रिग्वोल गेल्यावर नव्वदच्या दशकात टीम वर्षानुवर्षं तळाशी घुटमळत राहिली, सरासरी झिजत गेली आणि २००० मध्ये खाली. पुढच्याच वर्षी आणखी एक पायरी खाली, तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, चॅम्पियन होऊन वीस वर्षं पण झाली नव्हती. २००२ मध्ये क्लबचं दिवाळं निघालं. इथे फुटबॉलच्या बातम्या सोडून कोर्टाच्या बातम्या शोधाव्या लागतात. रासिंग दिवाळखोरीत गेल्यावर २००० मध्ये एक कायदा झाला होता, नंबर २५.२८४, की दिवाळं निघालेला क्लब विकून टाकायचा नाही, कोर्टाने नेमलेल्या लोकांनी ट्रस्टसारखा चालवायचा आणि देणी फेडायची. फेरो त्याच कायद्याखाली गेला, मेंबरांच्या हातातून कारभार गेला तो २०१४ ला परत आला. बारा वर्षं! आणि गंमत बघा, याच काळात, कोर्टाच्या देखरेखीखाली, २००३ ला टीम तिसरीतून वर आली. तेव्हापासून दुसऱ्या पायरीवर आहे, ना वर ना खाली.

वहीत या वर्षांपुढे मी फक्त खालचे नंबर लिहून मोकळा झालो होतो. नंतर परत बसून प्रत्येक वर्षापुढे अध्यक्ष कोण, मेंबर होते का ट्रस्ट, कोच किती बदलले असं भरत गेलो तेव्हा कुठे चित्र दिसायला लागलं.

मराठीत लिहिताना उच्चाराकडे लक्ष द्या. स्पॅनिश जे चा उच्चार ह, आणि पुढे ई किंवा आय आला तर जी चाही ह, म्हणून हेनेराल. डबल एल ब्युनोस आयर्समध्ये श होतो, त्यामुळे कबालिटो लिहू नका, काबाशितो. मुळातला एच बोलतच नाहीत. शंका आली तर तिथल्या रेडिओची कॉमेंट्री लावा, दहा मिनिटांत दहा वेळा नाव ऐकू येतं.

कॉमेंट्रीवरून आठवलं, मॅच पण बघा एखादी, नाहीतर हा सगळा कागदी खेळ. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे, दुपारी साडेतीनची मॅच म्हणजे आपल्याकडे बरोबर रात्री बारा. फुटबॉल तसं रांगडंच असतं, बॉल हवेत जास्त, पण कॅमेरा वळला की हिरव्या जर्सीतले म्हातारे दिसतात आणि मागून सार्मिएन्तो लाईनची गाडी जाताना ऐकू येते. घरचे झोपलेले असतील तर आवाज कमी ठेवा.